किमची पिळून घे, आच मंद ठेव

सांगली, रविवार

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास की खोलीवर केलेले किमची-चीज सँडविच बाहेरून करपले, आतून लिबलिबीत झाले आणि चीज काही वितळले नाही. माझे पहिले सँडविचही नेमके असेच बिघडले होते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

दोष किमचीत, म्हणजे त्या कोरियन पद्धतीच्या आंबवलेल्या कोबीत नाही, तिच्या पाण्यात आहे. मिठामुळे कोबीला पाणी सुटते आणि ते सारे ब्रेड शोषून घेतो. म्हणून दोन मोठे चमचे किमची मुठीत घट्ट पिळून बारीक चिरावी आणि थोड्या लोण्यावर तीन-चार मिनिटे, कडा तांबूस होऊन आंबट वास मवाळ होईपर्यंत परतावी. पिळलेला रस टाकू नकोस. दुसऱ्या दिवशीच्या फोडणीच्या भातात तो फार छान लागतो.

कोरियातल्या किमचीत बहुधा मासळीचा रस किंवा खारवलेली कोळंबी असते आणि आजीला ते चालत नाही, म्हणून मी मंडईतल्या साध्या कोबीची घरीच केली. किलोभर कोबीला 25 ग्रॅम मीठ चोळून ठेवले आणि नंतर त्यात लसूण, आले, मुळा, कांद्याची पात व ब्याडगीची पूड कालवली. ब्याडगीने रंग लालभडक येतो आणि तिखटपणा बेताचा राहतो. आपल्या उन्हाळ्यात दोन दिवसांतच बरणीत बुडबुडे आले आणि मग मी ती फ्रिजमध्ये ठेवली. तिकडे थंडी तोंडावर आली की घरचे आणि शेजारचे मिळून हिवाळ्याची किमची घालतात. त्याला किमजांग म्हणतात आणि दक्षिण कोरियाच्या या प्रथेला 2013 साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. ते वाचून मला आपल्या गच्चीवरच्या कुरडया आठवल्या : एकीने चीक शिजवायचा, दुसरीने सोऱ्या दाबायचा आणि तू कावळे हाकलायला बसायचास.

तू आणलेल्या गोचुजांगमध्ये, म्हणजे त्या घट्ट कोरियन मिरचीच्या चटणीत, मिरचीबरोबर चिकट तांदूळ आणि आंबवलेल्या सोयाबीनची पूड असते, त्यामुळे तिला अंगचा गोडवा असतो आणि त्याच गोडव्यामुळे ती तव्यावर लगेच जळते. तू ती ब्रेडला बाहेरून लावलीस, तिथेच घात झाला. अर्धा चमचा गोचुजांग चमचाभर मऊ लोण्यात फेटून फक्त आतल्या बाजूला लाव. बाहेरच्या बाजूला नुसते लोणी लावून त्यावर पांढरे तीळ दाबून बसव.

चीज दोन प्रकारचे घे, कारण मोझरेलाला तार सुटते पण चव फिकी असते, ती कसर किसलेला चीज क्यूब भरून काढतो. खाली चीज, मधे परतलेली किमची आणि कांद्याची पात, वर पुन्हा चीज, असे थर लावले म्हणजे दोन्ही काप एकमेकांना धरून राहतात. ब्रेड बेकरीतला, जाड कापांचा असू दे.

आता तवा. मी आपला बिडाचा घेते, पण तुझ्याकडचा जाड बुडाचा पॅनही चालेल. आच अगदी मंद ठेव. सँडविच ठेवल्यावर लोण्याची बारीक चुरचुर ऐकू आली पाहिजे. मोठ्याने तडतडले तर गॅस आणखी कमी कर. एका बाजूला साधारण चार मिनिटे लागतात. उलटल्यावर मिनिटभर झाकण ठेव, म्हणजे आतली ऊब कोंडून चीज वितळते, आणि झाकण काढून पुन्हा थोडे भाजले की वरचा ब्रेड कुरकुरीत होतो. उतरवल्यावर लगेच कापू नकोस, नाहीतर सगळे चीज ताटात वाहून जाते.

काल आजीने अर्धे खाल्ले आणि उरलेल्या अर्ध्यासाठी पुन्हा हात पुढे केला.

किमचीची एक बरणी तुझ्यासाठी भरून ठेवली आहे. ती एसटीच्या पार्सलने पाठवता येणार नाही, कारण आंबताना तयार होणाऱ्या वायूने वाटेतच झाकण उडेल. पुढच्या शनिवारी येशील तेव्हा स्वतःच घेऊन जा, आणि येताना मोझरेला आण.

तुझी,
आई