वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या त्या काकांना, अण्णांचे बूट हातात धरल्याबद्दल थँक्यू

काका, तुमचं नाव माहीत नाही म्हणून काकाच म्हणते, वय साधारण तसंच होतं तुमचं. घरी येऊन बरेच दिवस झाले तरी तो प्रसंग कुणाला सांगायला गेले की माझा आवाज जातो, म्हणून लिहूनच टाकते.

आमचे अण्णा धुळ्याला हायस्कूलमध्ये फिजिक्स शिकवायचे. लंडनला आलो तर लंडन आय, बकिंगहॅम पॅलेस, कशाचंच कौतुक नाही, फक्त न्यूटनला भेटून यायचं, म्हणजे वेस्टमिन्स्टर ॲबी या जुन्या चर्चमध्ये त्याला पुरलंय तिथे. आणि आमच्या टूरवाल्यांनी काय केलं तर ॲबीसमोर बस थांबवली, खाली उतरून फोटो काढा म्हणाले, आणि अण्णांनी आत जायचं विचारलं तर टूर मॅनेजर म्हणतो, काका, आत काय बघायचंय, सगळी थडगीच तर आहेत! बसमधले काहीजण हसले पण. अण्णा काही बोलले नाहीत, ते मला जास्त लागलं. मग शॉपिंगच्या दिवशी ग्रुपला टाटा केला आणि आम्ही दोघंच आलो.

आत 1066 पासूनचे राज्याभिषेक, सातशे वर्षांची ती खुर्ची, तिच्यावर तिथल्या शाळेच्या पोरांनी नावं कोरून ठेवलीयत (म्हणजे आपल्या किल्ल्यांवर बदाम काढणाऱ्यांचे भाऊबंद तिकडेही आहेत तर). आमच्या खानदेशात 1825 मध्ये भिल्लांची पलटण उभी करणारा इंग्रज अधिकारी आउट्रम पण तिथेच पुरलेला निघाला, अण्णा म्हणाले, हा कुठे भेटला बघ!

ॲबीच्या युनिफॉर्ममधले तुम्ही भेटलात ते पहिल्या महायुद्धातल्या त्या अनामिक सैनिकाच्या काळ्या दगडापाशी. 1920 साली फ्रान्सहून आणून पुरलेला, नाव कुणालाच माहीत नाही, भोवती लाल पॉपीची फुलं. तुम्ही सांगितलंत की यावर कुणीही पाय देत नाही, राजाराणीसुद्धा वळसा घालून जातात. तर अण्णांनी त्यांच्या मास्तरी इंग्लिशमध्ये विचारलं, मग न्यूटनवर पाय दिलेला कसा चालतो? तुम्ही हसण्यावारी नेलं नाहीत. जरा थांबून म्हणालात, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

मग न्यूटनपाशी आलो आणि अण्णा सरळ वाकून बुटाची लेस सोडायला लागले, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, वाकता येत नाही, मागून माणसं येतायत, मी एकदम घाबरले की आता कुणीतरी ओरडणार. तुम्ही कुठूनशी खुर्ची आणलीत, त्यांना बसवलंत, आणि त्यांनी बूट काढल्यावर ते उचलून हातात धरून उभे राहिलात, ते पण गर्दीच्या बाजूला, म्हणजे लोक आपोआप तुम्हाला वळसा घालून जायला लागले. कुणाला हातवारे नाहीत, काही नाही. काका, आमच्याकडे बापाची नाहीतर गुरूची पादत्राणं उचलतात हो, परक्या माणसाच्या बुटाला कोण हात लावतं! तुम्हाला हे माहीत असायचं कारण नाही, पण तुम्ही ते बूट असे धरले होते की माझ्या डोळ्यांतून पाणीच यायला लागलं.

अण्णा मोज्यांवर उभे राहिले आणि 1727 साली तिथे पुरलेल्या माणसाला नमस्कार केला. शेजारीच शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग, 2018 साली पुरलेला, आणि त्याच्या दगडावर कोरलेलं समीकरण दिसल्यावर तर मास्तर सुटलेच, कृष्णविवराला तापमान कसं असतं ते तुम्हाला समजवायला लागले. तुम्ही बूट हातात घेऊन सगळं ऐकलंत, मध्ये एक शंकापण विचारलीत. डार्विन जरा पलीकडेच होता, त्याला आम्ही घाईत उरकलं, त्याने माफ करावं.

चांगुलपणा असा कुठल्याही युनिफॉर्मबरोबर मिळत नाही, नाहीतर आमच्या टूर मॅनेजरकडे पण कंपनीचा टी-शर्ट होताच की. त्यांचा फीडबॅक फॉर्म अजून व्हॉट्सॲपवर येतोय, मी त्यात हे पत्रच चिकटवणारे.

आणि काका, कधी इकडे आलात तर धुळ्याला घरी यायचं, अण्णांनी स्वतः सांगितलंय. कळण्याची भाकरी आणि भरीत. पण हिवाळ्यात या, भरताची वांगी तेव्हाच चांगली मिळतात.