तीन पोरी आणि एक पाटी

प्रिय बंडू,

स. न. वि. वि. वगैरे आपल्यात नको. गेल्या खेपेला चहा गार होईस्तोवर भांडलो, ते डोक्यातून जात नाही. "तीन लहान पोरी घरात असताना मरायला निघालेला कसला रे हुतात्मा?" असं तू हिटलरच्या सैन्यात लढायला नकार देऊन मेलेल्या फ्रान्झ येगरश्टेटरबद्दल म्हणालास आणि मी गप्प बसलो. म्हणून हे पत्र.

फ्रान्झ येगरश्टेटर काही जन्मजात संत नव्हता. ऑस्ट्रियातल्या सांक्ट राडेगुंडचा शेतकरी, १९०७ चा जन्म, आई मोलकरीण, आईबापांचं लग्न झालेलं नव्हतं. तरुणपणी मोटारसायकल उडवायचा, लग्नाआधीची एक मुलगीही होती त्याला. १९३६ मध्ये फ्रान्झिस्काशी लग्न झालं, दोघं रोमला जाऊन आले, आणि गडी देवाधर्माला लागला. ज्या ब्राउनाऊ गावात हिटलर जन्मला, त्याच जिल्ह्यातलं हे खेडं. १९३८ मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीला जोडण्यावर मतदान झालं, तेव्हा गावात विरोधात पडलेलं मत एकट्या फ्रान्झचं. कागदावर मात्र शंभर टक्के होकार चढला!

तो लढायला भ्याला, असं समजू नकोस. १९४०-४१ मध्ये सैन्यात प्रशिक्षण घेऊनच तो परतला होता. पण लोक म्हणत, रशियात आपण बोल्शेविझमशी, म्हणजे तिथल्या साम्यवादाशी लढतोय. त्यावर हा लिहितो, की खरी नजर तिथल्या खनिजांवर, तेलविहिरींवर आणि चांगल्या धान्याच्या जमिनीवर आहे. शेतकऱ्याला हे कळायला तत्त्वज्ञान लागत नाही.

तो लिन्झ शहरातल्या बिशपांकडे, म्हणजे तिथल्या चर्चच्या प्रमुखांकडे गेला. बिशपांनी तुझंच म्हणणं सांगितलं बघ: बायकापोरांचं बघ, राज्यकर्त्यांच्या कृत्यांचा जाब तुला द्यायचा नाही. आई, नातेवाईक, सगळ्यांचं तेच. फ्रान्झिस्कानेही आधी त्याला वळवायचा प्रयत्न केला. मग थांबली. पुढे ती म्हणायची, की मीही पाठीशी नसते तर त्याला कोणीच उरलं नसतं. बंडू, मी या वाक्याशी अडतो. तू तिला सोडून दिलेली बाई म्हणतोस, आणि ती स्वतःला तसं म्हणत नाही.

मार्च १९४३ मध्ये एन्सच्या छावणीत जाऊन त्याने सांगून टाकलं, हातात शस्त्र घेणार नाही. जखमींची शुश्रूषा करायला तो तयार होता. ते कोणी ऐकलं नाही. जुलैत बर्लिनच्या लष्करी न्यायालयाने मृत्युदंड दिला. फ्रान्झिस्का गावच्या पाद्र्याला घेऊन बर्लिनला गेली, भेट जेमतेम काही मिनिटांची. ९ ऑगस्टला ब्रांडेनबुर्गला गिलोटिनखाली संपलं सगळं. छत्तीस वर्षांचा होता.

त्याच्या मरणाने युद्ध एक दिवसही लवकर थांबलं नाही, हे तुझं बरोबर. गावानेही तिला सुखाने जगू दिलं नाही. नवऱ्यामागचं पेन्शन १९५० पर्यंत मिळालं नाही, शेत तिनेच ओढलं. २००७ मध्ये लिन्झला चर्चने त्याला 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, तेव्हा ती चौऱ्याण्णव वर्षांची, समोर बसलेली. शंभरी पुरी करून २०१३ मध्ये गेली.

तो तुरुंगात असतानाचा एक फोटो आहे. तिघी पोरी उभ्या, थोरली पाच वर्षांची, आणि हातात पाटी: लाडक्या बाबा, लवकर ये. तो बघून तुझ्याकडून मीच बोलायला लागतो. मग फ्रान्झिस्काचं वाक्य आठवतं.

दिवाळीत येतोस ना? उरलेलं भांडण तेव्हा.

तुझा,
अण्णा