मेधाला, बऱ्या झालेल्या उंदरांविषयी

प्रिय मेधा,

तू पाठवलेली बातमी वाचली. लुळे पडलेले उंदीर नव्या औषधाने पुन्हा चालू लागले म्हणे. खाली तुझा एकच प्रश्न होता, "हे माझ्यासाठी आहे का गं?" दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण फोनवर हो-नाही म्हणून मोकळं व्हावं असा हा प्रश्न नाही. म्हणून पत्र.

पहिली गोष्ट अशी, की तुझा हा एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, ज्यात शरीर आपल्याच मज्जासंस्थेवर हल्ला करतं, तो उंदराला होतच नाही. त्याच्यासारखा आजार आम्ही त्याच्यात घडवून आणतो. मायलिन, म्हणजे मज्जातंतूंवरचं आवरण, त्यातल्या एका प्रथिनाचा तुकडा तेलात घोटायचा, त्यात क्षयाचे मेलेले जंतू मिसळायचे आणि ते कातडीखाली टोचायचं. जोडीला डांग्या खोकल्याच्या जंतूंचं थोडं विष. दीडेक आठवड्यात उंदराच्या स्वतःच्याच पेशी त्याच्या मज्जारज्जूवर चालून जातात. या आजाराला आम्ही ईएई म्हणतो.

मग रोज सकाळी एकेकाला हातात घेऊन गुण द्यायचे. शेपूट ढिली पडली की १, मागचे पाय लटपटू लागले की २, ते पूर्ण गेले की ३, पुढचेही गेले की ४, आणि मेला तर ५. ३ वर पोचलेल्याला पाण्याच्या नळीपर्यंत जाता येत नाही, त्याच्यासाठी ओला केलेला दाणा पिंजऱ्याच्या तळाशी ठेवते. गुण देताना कोणाला औषध मिळालंय आणि कोणाला नुसतं द्रावण, हे मला कळता कामा नये. पहिल्याच वर्षी एकदा यादी माझ्या नजरेस पडली. त्या दिवशी २ की ३ असा प्रश्न आला, की औषधवाल्यांना माझ्या हातून २ पडत होते. मी मुद्दाम करत नव्हते गं, ते औषध लागू पडावं असं मनापासून वाटत होतं इतकंच. सगळा प्रयोग रद्द करून पुन्हा केला आणि त्यासाठी तितकेच उंदीर पुन्हा आजारी पाडले. ते अजून मनातून जात नाही.

हे सगळं सुरू झालं लसीमुळे. पाश्चरची रेबीजची लस सशाच्या मज्जारज्जूपासून बनायची, आणि ती घेतलेल्यांपैकी थोड्या लोकांना पक्षाघात होई. दोष जंतूचा की सशाच्या मज्जेचा, हे पाहायला थॉमस रिव्हर्सने १९३३ च्या सुमारास माकडांना सशाच्या मेंदूचा अर्क पुन्हा पुन्हा टोचला. काही माकडं लुळी पडली आणि त्यांच्या मेंदूत मायलिन नाहीसं झालेले डाग सापडले.

आता तुझ्या ओळखीचं सांगते. तू सुरुवातीला रोज टोचून घ्यायचीस ते ग्लाटिरामर याच आजारातून आलं. इस्रायलच्या वाइझमन संस्थेत सेला, आरनॉन आणि टायटेलबाउम यांनी ते बनवलं होतं प्राण्यांत ईएई घडवण्यासाठी. घडलं उलटंच, त्याने आजार अडवला! १९९६ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. एमएसच्याच नॅटलिझुमॅब या औषधाचा रस्ताही १९९२ मध्ये उंदरांच्या थोरल्या भावंडांनी, घुशीएवढ्या रॅटनी दाखवला. २००४ मध्ये ते बाजारात आलं, काही महिन्यांतच मागे घ्यावं लागलं, कारण काही रुग्णांना मेंदूचा जीवघेणा संसर्ग झाला. २००६ मध्ये कडक देखरेखीखाली ते परत आलं. तो संसर्ग ज्या जेसी विषाणूने होतो तो माणसातच राहतो, त्यामुळे प्राण्यांना त्याची आगाऊ सूचना देता येणं शक्यच नव्हतं.

आणि ज्याने मला सर्वांत जास्त सावध केलं ते टीएनएफचं प्रकरण. शरीरात दाह भडकवणारा हा रेणू अडवला की ईएई झालेले प्राणी सुधारतात. माणसांवर तेच केलं, तेव्हा रुग्णांचे एमएसचे झटके कमी व्हायच्या ऐवजी वाढले. १९९९ मध्ये ते निकाल छापून आले.

म्हणून अशी बातमी आली की मी आधी एकच शोधते: औषध दिलं कधी? आजार पेरला त्याच दिवशी दिलं असेल, तर ते आग लागण्याआधी ओतलेलं पाणी. तू डॉक्टरांकडे गेलीस तेव्हा एक डोळा अंधुक झालेला होता. शेपूट पडल्यानंतर, पाय गेल्यानंतर दिलेल्या औषधालाच मी किंमत देते. तुझ्या बातमीत याबद्दल अवाक्षर नाही. मूळ निबंध मागवलाय, आला की तेवढंच पान आधी उघडणार.

गेलेलं मायलिन परत येईल का, हे तू मागे विचारलं होतंस. त्यासाठी वेगळे उंदीर असतात. त्यांच्या खाण्यात ०.२ टक्के क्युप्रिझोन मिसळतात. पाच-सहा आठवड्यांत मेंदूच्या दोन भागांना जोडणाऱ्या पट्ट्यातलं मायलिन जातं. पण खाणं बदललं की तरुण उंदीर ते आपोआप पुन्हा भरून काढतो. औषधाने फार तर वेग वाढतो. तुझ्या मज्जातंतूंना ती तरुणाई नाही, हे मला लिहितानाही जड जातंय. तरी वाट बंद नाही. क्लेमास्टिन या ॲलर्जीच्या जुन्या औषधाची ५० रुग्णांवर चाचणी झाली, २०१७ मध्ये निकाल आले, आणि डोळ्याकडून मेंदूकडे जाणारा संदेश किंचित लवकर पोचू लागल्याचं दिसलं. किंचितच, पण माणसात, आणि ज्यांचं नुकसान जुनं होतं त्यांच्यात.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर: आज नाही. सध्याचं औषध या बातमीपायी एक दिवसही चुकवू नकोस.

दुपारी येणारा तुझा थकवा मला कुठल्याच उंदरात मोजता येत नाही. तो त्यांना असतो की नाही, तेही ते सांगत नाहीत. तू सांगू शकतेस, म्हणून लिही. डाव्या पायाचं बधिरपण घोट्यापाशीच थांबलंय की वर चढलंय?

तुझी,
शुभा