आई, पत्रिकेत तुझं 'सौ.' नाही

पुणे

ती. अण्णा व ती. आई यांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

सोबत सोनूच्या लग्नाची पत्रिका आहे. आधी पत्र वाचा, मग पत्रिका उघडा. अण्णा, तुम्ही नेमकं उलटं करणार हे मला माहीत आहे. तेव्हा एवढं तरी करा, पत्रिका आईच्या हातात देण्याआधी तिला हे मोठ्याने वाचून दाखवा. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर आई "बरं" म्हणते आणि विषय संपतो. ते "बरं" किती टिकतं ते आपल्या तिघांना ठाऊक आहे.

पत्रिका छापून झाली आहे, वाटायलाही सुरुवात केली आहे. तिच्यात कुणाच्याच नावाआधी काही नाही. श्री. नाही, सौ. नाही. दादाने पाठवलेल्या मसुद्यात माझ्या नावाआधी 'गं. भा.' होतं, तेही नाही. सोनूचं 'सौ. कां.' गेलं; ती आणि जावई दोघंही नुसते 'चि.' आहेत. ह्यांच्या नावाआधीचं 'कै.' मात्र राहिलं. ते काढायला माझाच हात धजला नाही, म्हणजे मीही काही फार शूर नाही.

आई, तुला काय वाटेल ते मला कळतंय. अण्णा समोर धडधाकट बसलेत आणि लेकीने माझं सौ. काढलं! शुभकार्यात असला अपशकून! तुझं सौ. माझ्या डोक्यात नव्हतंच गं. मी फक्त माझं गं. भा. काढायला सांगितलं होतं. प्रेसवाल्याने कच्ची प्रत पाठवली. पाहते तर तुझं सौ., वहिनीचं सौ., विहीणबाईंचं सौ., दोन्ही मावश्यांचं सौ., आणि मधे मी, बिनकाहीची. ती मोकळी जागा गं. भा.पेक्षा मोठ्याने बोलत होती. वाचणारा त्या ओळीवर अडखळणार आणि मग त्याला कळणार. म्हणून एक तर सगळ्यांचं ठेवायचं, नाहीतर सगळ्यांचं काढायचं, दुसरी वाट नव्हती. पाकिटावर मी माझ्या हाताने 'ती. सौ. आईस' असंच लिहिलंय, बघ. घरच्या पत्रात तुझं सौ. कुणी काढत नाही.

प्रेसवाला म्हणाला, "मॅडम, श्रीमती टाकू का?" मला हसूच आलं. आई, तुझ्या पासबुकावर श्रीमती छापून आलं होतं तेव्हा तू अण्णांना त्याच पावली बँकेत परत पाठवलं होतंस. "माझा नवरा उंबऱ्यात उभा आहे आणि हे मला श्रीमती म्हणतात?" अण्णा काउंटरवर, आणि तो कारकून बिचारा समजावतोय, हा मान आहे हो मास्तर, सगळ्याच बायकांना लिहितो. आणि तो खरंच सांगत होता. जिच्यापाशी श्री आहे ती श्रीमती. हिंदीवाले लग्न झालेल्या बाईला श्रीमती म्हणतात, माझ्या ऑफिसात एकजात सगळ्यांना श्रीमती म्हणतात, आणि तासगावात श्रीमती म्हटलं की लोक कपाळाकडे बघतात. सौभाग्याचंही तसंच. चांगलं भाग्य, एवढाच तो शब्द. पोरं शिकली, घर झालं, आईबाप ऐंशीच्या घरात येऊनही भांडण्याइतके खणखणीत आहेत, याला भाग्य म्हणायचं नाही? पण बाईच्या बाबतीत सगळं भाग्य एका माणसाच्या श्वासावर टांगून ठेवलं, कुणी ठेवलं आणि कधी, कोण जाणे. आपण तेच म्हणत आलो.

आणि आपली भाषा अशी गोड की दुखतं कुठे ते कळू देत नाही. आपण दिवा विझवत नाही, वाढवतो. नारळ वाढवतो. संध्याकाळी दुकान वाढवतो. बांगडीसुद्धा फुटत नाही, वाढवते. गंगा भागीरथी हे असंच गोड नाव. गंगेसारखी पवित्र म्हणे. अण्णा, आजीला येणाऱ्या पत्रांवर 'गं. भा.' असायचं आणि ती पत्रं मी तिला वाचून दाखवायची. ती गंगा होती, पण आत्याच्या हळदीला ती कुठे बसली होती ते तुम्हाला आठवतं. मी काही पुन्हा काढत नाही. एवढंच म्हणते, की लहानपणी मला गं. भा. ही पदवी वाटायची, बी. ए. सारखी. मोठी झाल्यावर आपल्यालाही मिळेल असं मी आजीला सांगितलं होतं. तिने माझ्या तोंडावर हात ठेवला होता.

ही पदवी सरकारही द्यायला निघालं होतं, ते तुम्ही वाचलं असेलच. एप्रिल २०२३ मध्ये महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी 'विधवा'ऐवजी 'गंगा भागीरथी' म्हणावं असा प्रस्ताव मागवला. बायकांनीच इतकी टीका केली की मंत्र्यांना, ही नुसती चर्चा आहे, निर्णय नाही, असं सांगावं लागलं. हेतू वाईट नसेलही. पण अण्णा, गांधीजींनी रुजवलेला 'हरिजन' शब्द बाबासाहेबांना मान्य नव्हता, आणि १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा पोरांनी 'दलित' हे नाव स्वतःहून मिरवलं, हे तुम्हीच मला जेवताना सांगत असायचात. दुसऱ्याने कितीही मायेने ठेवलेलं नाव आणि आपण होऊन घेतलेलं नाव, यांत फरक असतोच ना? कोरोनानंतर काही संस्था 'एकल महिला' म्हणायला लागल्या. तो शब्द मला बरा वाटतो, निदान त्यात कुणी मेलेलं नाही. पण पत्रिकेवर 'एकल' छापणार का? म्हणून काहीच नको.

आणि अण्णा, मला हे सगळं सुचलं कुठून विचाराल तर तुमच्याच पाकिटातून. हे गेले त्यानंतरच्या वर्षी, मे महिन्यात, तुमचं एक पाकीट आलं होतं. आत पत्र नव्हतं, नुसतं वर्तमानपत्राचं कात्रण. हेरवाडचं. शिरोळ तालुक्यातलं, कुरुंदवाडजवळचं गाव. तुमच्या ओळखीचा मुलूख. तिथल्या ग्रामसभेने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. शाहू महाराजांना जाऊन शंभर वर्षं झाली त्या महिन्यात. पुढे सरकारनेही सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करा म्हणून परिपत्रक काढलं. कात्रणाच्या कडेला तुम्ही तांबड्या पेनाने रेघ मारली होती, वहीत बरोबर उत्तराला मारायचात तशी. त्यावर आपण कधीच बोललो नाही. मी ते कपाटात ठेवलंय.

हेरवाडने शब्द बदललाच नाही, हे मला फार आवडतं. ठरावात विधवा हा शब्द आहेच. बदललं ते वागणं. दहा-वीस वर्षं असंच चाललं तर त्या गावातल्या पोरीला 'विधवा' म्हणजे फक्त नवरा वारलेली बाई एवढंच कळेल. अपशकुनी वगैरे अर्थ तिला कुणी समजावून सांगावा लागेल. उलट नुसतं नाव बदलून वागणं तेच ठेवलं, तर नवं नावही चार दिवसांत जुन्यासारखं बोचायला लागतं. गं. भा.चं तेच झालं ना.

माझ्या बांगड्या फोडायला तर कुणी आलंच नव्हतं. कोरोनाच्या त्या एप्रिलात ह्यांना घरी आणूच दिलं नाही, कोण येणार? तरी आठवडाभरात मी त्या आपल्या आपण काढून डब्यात ठेवल्या. मला कुणीही सांगितलं नव्हतं, आई. हे मला अजून समजत नाही.

आता दुसरी गोष्ट. ती ऐकताना आईने पाणी पिऊन घ्यावं. लग्नात दादा-वहिनी बसतील असं तुम्ही गृहीत धरलंय. मी त्यांच्याशी बोलले आहे. मी बसणार आहे. सोनूचा हट्ट आहे, आणि खरं सांगायचं तर माझाही. ज्ञानप्रबोधिनीच्या पद्धतीने विधी आहेत, पुरोहित बाई आहेत. त्यांनी काहीच अडचण नाही म्हणून सांगितलं, मलाच उगाच दोनदा विचारावंसं वाटलं. हळद मी लावणार, औक्षण मी करणार, विहीणबाईंचं स्वागत मी करणार. वहिनी माझ्या शेजारी असेल. ती नाराज नाही. थोडी असली तरी दाखवत नाही, तेव्हा आई, तू तिला फोन करून उकरू नकोस. विहीणबाईंनाही आधीच सांगितलंय. त्या म्हणाल्या, "तुम्ही आई आहात, आणखी काय लागतं?"

आईच्या मनात आणखी एक शंका येईल, तीही फेडून टाकते. मी काही 'तसला' विचार करत नाहीये. अण्णा, तुम्ही सांगायचात, महर्षी कर्व्यांनी १८९३ मध्ये काढलेलं विधवाविवाहोत्तेजक मंडळ दोन वर्षांत नाव बदलून 'विधवाविवाह प्रतिबंध निवारक मंडळ' झालं. 'उत्तेजक'ने लोक बिथरायचे. आम्ही कुणाला आग्रह करत नाही, आडकाठी तेवढी दूर करतो, असं नवं नाव सांगायचं. वर्ग हसायचा, कारण त्या वयाच्या पोरांना उत्तेजक शब्दाचंच हसू. तर माझंही तेवढंच समजा. उत्तेजन नाही, प्रतिबंध निवारण.

आई, मला एकच हवंय. हळदीच्या दिवशी सकाळी, कुणी पाहुणे उठायच्या आत, तू मला कुंकू लाव. शाळेत जाताना हनुवटी धरून, "हलू नकोस गं बेबी" म्हणत लावायचीस तसं. मी टिकली लावतेच रोज, पण ती मी लावलेली असते. तुझं मन होणार नसेल तर राहू दे, मी रुसणार नाही. (रुसेन, पण सोनूचं लग्न झाल्यावर.)

आता तुमची व्यवस्था. कार्यालयात खोली तळमजल्यावर आहे, मी स्वतः जाऊन बघितली. कमोड आहे, गरम पाणी सकाळी पाचपासून, पलंग उंच आहेत म्हणजे गुडघ्याला उठबस नाही. आईसाठी घरून उशी नेणार आहे, तिथल्या उशा दगडासारख्या आहेत. आचाऱ्याला ज्वारीची भाकरी, बिनतिखटाचं वरण आणि एक पालेभाजी वेगळी काढायला सांगितलीय. अण्णांना सहाला बिनसाखरेचा चहा मिळेल. जिलेबीच्या आसपास अण्णा दिसले तर सोनूचा मामेभाऊ मला येऊन सांगणार आहे, त्याला त्याचे पैसे ठरलेत.

आणि एसटीने यायचं नाही. पंचाहत्तरीनंतर तिकीट नाही म्हणून अण्णा ऐटीत 'अमृत ज्येष्ठ नागरिक' झालेत, आईलाही आता तिकीट पडत नाही, सगळं मान्य. म्हाताऱ्याला अमृत म्हटल्याने कंबर धरायची राहत नाही. मी गाडी पाठवते. ड्रायव्हर ओळखीचा आहे, सावकाश चालवतो. कराडला थांबा, साताऱ्याला थांबा, पाय मोकळे करा, आणि आई, पाणी पीत राहा. वाटेत बाथरूमला जावं लागेल म्हणून तू पाणीच पीत नाहीस, मग पायात गोळे येतात. निघायच्या आधी अण्णांची शुगर तपासून मला आकडा सांगा. खरा आकडा. आठवड्याच्या गोळ्या दोन डब्यांत भरा, एक पिशवीत, एक अण्णांच्या खिशात. रक्तदाबाची चिठ्ठी सोबत घ्या.

शेजारच्या काकू किंवा भावकीतलं कुणी पत्रिका बघून काही बोललं तर वाद घालू नका. बेबीने छापली, आम्हाला विचारलं नाही, असं सरळ माझ्यावर ढकला. ते खरंच आहे. मी विचारलं असतं तर तुम्ही 'नको' म्हणाला असतात आणि मग माझ्याच्याने झालं नसतं. तुम्हाला नाही म्हणायला मला अजून जमत नाही, म्हणून आधी छापलं.

आईच्या ब्लाउजचं माप लगेच पाठवा. मागच्या वेळचं नको, ती म्हणते बारीक झाले, पण फोटोत दिसत नाही. पैठणी मी घेतली आहे, हिरवी. माझीही हिरवीच घेतली.

तुमची,
बेबी

ता. क. अण्णा, कानाच्या मशीनचे जादा सेल आणा. मंगलाष्टकं चालू असताना "काय म्हणाली, काय म्हणाली" असं आईला विचारत बसू नका, तिलाच पुरेसं ऐकू येत नाही.