जुने टॉवेल, एक्स-रे फिल्म आणि फ्रीजरभर उंदीर : जखमी शिकारी पक्ष्यांसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

जखमी घारी, घुबडे, शिक्रे, ससाणे आणि गिधाडे बरी करून पुन्हा मोकळी सोडणारे आमचे केंद्र बघायला लोक येतात, तेव्हा सहसा रिकाम्या हाताने येत नाहीत. कोणी धान्य आणते, कोणी बिनहाडाचे मांस. भावना चांगलीच आहे, पण यातले फारसे पक्ष्यांच्या उपयोगी पडत नाही. म्हणून काय लागते, काय नको आणि का नको, हे सांगूनच मदत मागतो आहोत.

पहिली गरज खाण्याची. शिकारी पक्ष्याला हाडे, कातडी, केस, आतडी यांसकट अख्खे भक्ष्य लागते. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावापुरते असते. वाढत्या पिल्लाला त्यावर ठेवले तर पायांची हाडे वाकतात आणि पक्षी कायमचा अधू होतो. केस आणि पिसे पचत नाहीत, त्यांची गोळी करून पक्षी तोंडावाटे टाकतो. सकाळी पिंजऱ्यात आधी ती गोळी शोधायची. घट्ट, बांधीव आणि दुर्गंधी नसलेली गोळी मिळाली की पचन ठीक चालले आहे असे समजायचे. घुबडाची गोळी फोडली तर उंदराची कवटी दातांसकट निघते. घारीच्या गोळीत बहुधा केसच सापडतात, कारण तिच्या पोटातले आम्ल हाडे विरघळवते. केंद्रात आलात तर ही गोळी हातात घेऊन बघायला जरूर मागा.

तर, हवे आहेत गोठवलेले अख्खे पांढरे उंदीर आणि हॅचरीतून, म्हणजे कोंबडीची अंडी उबवणाऱ्या केंद्रातून, काढून टाकलेली एक दिवसाची नर पिल्ले. असे एक पिल्लू 35 ते 40 ग्रॅमचे असते. घारीएवढ्या, म्हणजे 700-800 ग्रॅमच्या पक्ष्याला दिवसाला दोन-तीन लागतात. लहान पक्ष्याला वजनाच्या मानाने जास्त लागते : 150 ग्रॅमचा पक्षी रोज आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढे खातो. एखाद्या हॅचरीत आपली ओळख असेल आणि दर आठवड्याचा पुरवठा जुळवून देता आला, तर त्याहून मोठी मदत नाही. एकदम पोतेभर आणून दिले तर ठेवायला जागा नसते. उणे 18 अंशांवर चालणारा आणखी एक आडवा फ्रीजर आणि वीज गेल्यावर तो चालवायला लहान जनरेटर, हेही हवे आहे. एकदा वितळलेले खाद्य पुन्हा गोठवता येत नाही. ते टाकूनच द्यावे लागते.

घरात किंवा गोदामात मेलेला उंदीर कृपया आणू नका, सापळ्यात सापडलेलाही नको. उंदीर मारायची बरीचशी विषे रक्त गोठू देत नाहीत आणि त्यांचा परिणाम व्हायला काही दिवस लागतात. तोवर विष खाल्लेला उंदीर हिंडत असतो, सापळ्यातही शिरतो, आणि त्याच्या यकृतातले विष घुबडाला बाधते. मेलेल्या गुराचे मांसही नको. त्याला आधी डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध टोचलेले असेल तर गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात. बंदुकीने मारलेल्या शिकारीत शिशाचे कण राहतात. ताज्या पारव्यातून घशाचा संसर्ग होतो. थोडक्यात, कुठून आले ते ठाऊक नसलेले खाद्य आम्ही घेत नाही. राग मानू नये.

दुसरी गरज पायांची. उडता न येणारा पक्षी दिवसभर एकाच दांडीवर बसून राहतो. दांडी गुळगुळीत आणि एकाच जाडीची असेल तर भार तळव्याच्या त्याच जागी पडतो. आधी तिथली खवलेदार त्वचा चकचकीत आणि लाल होते, मग खपली धरते, मग आत पू होतो. पंख जुळून आला तरी असा पक्षी सोडता येत नाही, कारण त्याची शिकार पंजांवर चालते. यासाठी वेगवेगळ्या जाडीच्या फांद्या, काथ्याचा दोर आणि कृत्रिम गवताच्या चटयांचे उरलेले तुकडे द्या. वापरलेले चालतील, पण धुता येण्याजोगे हवेत.

जुन्या एक्स-रे फिल्म फेकू नका. त्या कापून पक्ष्याच्या शेपटीला म्यान करतात, म्हणजे पिंजऱ्यात आपटून पिसे मोडत नाहीत. मोडलेले पीस पुढच्या पीसगळतीपर्यंत तसेच राहते आणि सुटका तेवढी लांबते. पक्षी पकडायला टॉवेल लागतात, अंथरायला सुती चादरी. धागे सुटलेले मात्र नकोत, नख्या अडकतात. झाकणाचे मजबूत पुठ्ठ्याचे खोके कितीही चालतील. पेंढा-गवत आणू नका. त्यातल्या बुरशीने पक्ष्यांची फुफ्फुसे धरतात. एक ग्रॅमपर्यंत अचूक वजनकाटाही हवा आहे. रोज खाण्याआधी केलेले वजन घसरू लागले की बाकी लक्षणे दिसण्याआधी आजार कळतो.

रोख मदत बहुतांशी एक्स-रे, भूल, हाडात बसवायच्या पिना आणि तपासण्यांवर जाते. पावती मागून घ्या.

वेळ देणार असाल तर सुरुवात भांडी, पिंजरे आणि पाण्याची तसराळी घासण्यापासून होईल. पक्षी हाताळायला मिळतील या आशेने येणारे दुसऱ्या आठवड्यात दिसेनासे होतात, म्हणून आधीच सांगून ठेवले. सुतारकाम येणारे आणि रात्री-अपरात्री गाडी काढू शकणारे फार हवे आहेत.

भेटीला जरूर या. जे पक्षी कधीच सोडता येणार नाहीत, तेवढेच पाहायला मिळतील. उपचार चाललेले पक्षी आणि पिल्ले दाखवली जात नाहीत. पिल्लाला माणूस म्हणजे खाणे असे एकदा वाटले की ते रानात जगत नाही. जाळीजवळ हळू बोला, फ्लॅश वापरू नका, कुत्रा घरी ठेवून या. डोळ्यांत रोखून पाहू नका. शिकारी पक्ष्याला तो हल्ला वाटतो, आणि दचकून उडालेला पक्षी जुळत आलेला पंख पुन्हा मोडून घेतो.

वाटेत जखमी पक्षी सापडला तर खोक्याला भोके आधी पाडा, मग वरून टॉवेल टाकून पक्षी उचला. चोचीपेक्षा पंजे सांभाळा. पाणी पाजू नका : श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच उघडते, पाणी थेट फुफ्फुसात जाते. खोका बंद करून अंधारात, शांत जागी ठेवा आणि नेमका कुठे सापडला ते खोक्यावर लिहा. बरा झाला की बहुधा तिथेच सोडायचा असतो.