यादी पाठवण्याआधी मथळे फ्रीझ करा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

सोलापूरच्या मार्केट यार्डात एका कांदा-अडत दुकानात मी हिशेब सांभाळते. लिलाव आटोपले की शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या, करायला बसायचे, हे हंगामात रोजचेच. एक्सेलच्या शीटमध्ये गाडी नंबर, शेतकऱ्याचे नाव, गाव, पिशव्या, वजन, दर, एकूण रक्कम, हमाली, तोलाई, मोटारभाडे, उचल, निव्वळ देणे असे रकाने असतात. शंभर-दीडशे नावांची शीट खाली सरकवली की रकान्यांची नावे दिसेनाशी होतात आणि उजवीकडे सरकवली की शेतकऱ्याचे नाव जाते. उरतो नुसता आकडा. १८५० हा दर, भाडे की उचल, हे नुसते बघून कोण सांगणार? हमाली आणि तोलाई तर शेजारी-शेजारी, दोन्ही रकमा लहान.

मागच्या हंगामात मोहोळकडच्या एका शेतकरी काकांनी दुसऱ्या दुकानाची पट्टी मला आणून दाखवली. भाड्याची रक्कम हमालीच्या रकान्यात पडली होती आणि भाडे पुन्हा वेगळे कापले होते. पिशव्यांना हमालीच्या दराने गुणले तेव्हा फरक सापडला. दुकानदाराने पैसे लगेच परत केले, त्यांच्या मनात खोट नव्हती. पण पट्टी टाइप करणाऱ्या मुलाला स्क्रीनवर रकान्याचे नावच दिसत नव्हते, आणि त्याला ते कुणी दाखवूनही दिले नव्हते. पट्टी म्हणजे शेतकऱ्याचा पुरावा. २०२३ मध्ये राज्य सरकारने कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये, जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत, अनुदान दिले, तेव्हा विक्रीपट्टीच जोडावी लागली होती.

उपाय अगदी हाताशी आहे: मथळे, म्हणजे रकान्यांची नावे, फ्रीझ करायची, म्हणजे शीट सरकवली तरी ती जागेवर धरून ठेवायची. मथळे पहिल्या ओळीत आणि नावे पहिल्या रकान्यात असतील तर बी-२ या सेलवर (दुसऱ्या रकान्यातल्या दुसऱ्या ओळीच्या चौकटीवर) क्लिक करायचे, वर ‘व्ह्यू’मध्ये जायचे आणि ‘फ्रीझ पेन्स’ निवडायचे. निवडलेल्या सेलच्या वरच्या सगळ्या ओळी आणि डावीकडचे सगळे रकाने जागेवर राहतात, बाकीचे सरकते. मला गाडी नंबर आणि नाव दोन्ही डोळ्यांसमोर लागते, म्हणून मी सी-२ निवडते. त्याच ठिकाणी ‘फ्रीझ टॉप रो’ आणि ‘फ्रीझ फर्स्ट कॉलम’ असेही पर्याय दिसतात, पण एक केल्यावर दुसरा केला की पहिला सुटतो. ओळ आणि रकाना दोन्ही हवे असतील तर सेल निवडूनच करावे. त्याआधी शीट पार वर नेऊन ठेवावी, नाहीतर वर सरकून गेलेल्या ओळी दडून बसतात आणि आपला डेटा गेला असे वाटून माणूस घाबरतो. गूगल शीट्समध्येही ‘व्ह्यू’ आणि मग ‘फ्रीझ’. लिब्रे ऑफिसमध्ये ‘व्ह्यू’खालीच ‘फ्रीझ रोज अँड कॉलम्स’. ही सोय काही आजची नाही. १९७९ साली आलेल्या व्हिजिकॅल्क या सुरुवातीच्या स्प्रेडशीट प्रोग्रॅममध्येसुद्धा मथळे जागेवर धरून ठेवायची आज्ञा होती.

माझी खरी विनंती मात्र याद्या दुसऱ्यांना पाठवणाऱ्यांना आहे. लाभार्थ्यांच्या, पीकविम्याच्या, शिष्यवृत्तीच्या, सोसायटीच्या थकबाकीच्या याद्या आता व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात आणि लोक त्या मोबाइलवर बघतात. एवढ्याशा स्क्रीनवर चार रकाने सरकले की कोणती रक्कम कोणाची आणि कशाची, काही कळत नाही. मग म्हातारी माणसे कुणाला तरी फोन देऊन “माझं काय आलंय बघ” म्हणतात. यादी करणाऱ्याने एकदा फ्रीझ करून फाइल सेव्ह केली की ती उघडणाऱ्या प्रत्येकाला तशीच मिळते.

त्यातही एक अडचण मी नेहमी पाहते. कार्यालयाचे नाव, योजनेचे नाव, वर्ष, तालुका अशा चार-पाच ओळी सेल जोडून वर ठेवतात आणि मथळे सहाव्या ओळीत येतात. ते सगळे फ्रीझ केले तर मोबाइलची निम्मी स्क्रीन त्यातच जाते आणि यादी बघायला दोन ओळींची जागा उरते. मथळे पहिल्याच ओळीत घ्यावेत. योजनेचे नाव फाइलच्या नावात द्यावे, छापायचे असेल तर पानाच्या हेडरमध्ये घालावे. नावाच्या रकान्यापर्यंतच फ्रीझ करावे, पुढे नको.

आणि फ्रीझ केलेले कागदावर उतरत नाही, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. ग्रामपंचायतीच्या फलकावर यादी लागते तेव्हा पहिल्या पानावर मथळे असतात, दुसऱ्या पानापासून नुसत्या रकमा. त्यासाठी ‘पेज लेआउट’मध्ये ‘प्रिंट टायटल्स’ उघडून ‘रोज टू रिपीट अ‍ॅट टॉप’समोर मथळ्याची ओळ द्यायची, म्हणजे ती प्रत्येक पानावर छापून येते. पुढची यादी फलकावर लावण्याआधी संबंधितांनी एवढे करावे, आणि संगणक क्लास चालवणाऱ्यांनी मुलांना चार्ट आणि रंग शिकवण्याआधी या दोन गोष्टी शिकवाव्यात.

आपली नम्र,
एक हिशेबनीस, सोलापूर