गिरणीचं घड्याळ आणि चार निरीक्षक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश समाजसुधारकांविषयी लिहिताना लॉर्ड शाफ्ट्सबरी, रिचर्ड ओस्टलर यांच्या कळवळ्याचं कौतुक होतं. ते रास्तच आहे. ओस्टलर यांनी १८३० मध्ये ‘लीड्स मर्क्युरी’च्या संपादकांना पत्र लिहिलं, तेव्हा यॉर्कशायरच्या लोकर गिरण्यांतल्या मुलांचे हाल गाजले. (वाचकांच्या पत्रांना हसणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात ठेवावं.) पण कळवळ्याचे कायदे १८०२ आणि १८१९ मध्येही झाले होते. देखरेख स्थानिक मॅजिस्ट्रेटांच्या हाती असल्याने ते कागदावरच राहिले.

१८३३ च्या कायद्याने सरकारी पगारावरचे चार निरीक्षक नेमले आणि त्यांना गिरणीत शिरायचा अधिकार दिला, खरा फरक तिथे पडला. रेशीम गिरण्या वगळता ९ वर्षांखालच्या मुलांना कापड गिरण्यांत मनाई झाली, त्याहून मोठ्या मुलांचे कामाचे तास ठरले. आता वय कशावरून ठरवायचं? इंग्लंड-वेल्समध्ये जन्माची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासूनची. तोवर डॉक्टर मुलाच्या अंगापिंडावरून दाखला देत आणि मजुरीवाचून अडलेले आईबापच वय वाढवून सांगत. दंतवैद्य एडविन सॉन्डर्स यांनी हजारावर मुलांचे दात तपासून, उंचीपेक्षा दातांवरून वय नेमकं कळतं असं १८३७ मध्ये मांडलं.

पुढची चोरी वेळेची. म्हणून १८४४ च्या कायद्याने गिरणीचं घड्याळ सार्वजनिक घड्याळाशी, उदाहरणार्थ जवळच्या रेल्वे स्टेशनच्या, जुळवायला लावलं. कामाच्या वेळा ठळक छापून भिंतीवर टांगायला लावल्या. १८४७ मध्ये स्त्रिया आणि १८ वर्षांखालच्या मुलांसाठी दहा तासांचा कायदा आला, तर काही मालकांनी पाळ्यांची शक्कल काढली: तासभर काम, मग बाहेर, पुन्हा आत. कोण किती तास राबलं, हे निरीक्षकाला कळेना. अखेर १८५० मध्ये सकाळी ६ ते संध्याकाळी ६ किंवा ७ ते ७ अशी चौकट आखली गेली; त्यातला दीड तास जेवणाचा आणि शनिवारी दुपारी २ ला सुटी. बदल्यात इतर दिवशी अर्धा तास काम वाढलं, ही तडजोड शाफ्ट्सबरींनी मान्य केली म्हणून त्यांचेच सहकारी संतापले.

साफसफाईसाठी धुराड्यात चढवल्या जाणाऱ्या पोरांचंही तेच. १८४० मध्ये बंदी, १८६४ मध्ये जादा शिक्षा, तरी पोरं चढतच होती. १८७५ मध्ये धुराडी साफ करणाऱ्यांना पोलिसांकडून दरवर्षी परवाना घेणं सक्तीचं झालं, तेव्हा कुठे ते थांबलं.

आपला,
एक वाचक